सात नंबरची पेटी

“मृत्यू हा आता क्षण राहिलेला नाही. तो एक कालावधी आहे, आणि त्या कालावधीवर आज मानवाने विजय मिळवला आहे.”

२०३८ च्या मे महिन्यात, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, पालकमंत्र्यांनी हे वाक्य कागदावरून एकदाही न अडखळता वाचलं. मंडपात शेहेचाळीस अंश तापमान होतं. चार कोपऱ्यांत चार दांडगे कूलर होते, पण त्यांच्या टाक्यांत पाणी भरणं नेमकं कोणाच्या अखत्यारीत येतं यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार अजून संपला नव्हता. त्यामुळे कूलर आवाज करत होते, वारा फेकत होते आणि माणसं भाजत होती. विजयी मानवांपैकी तिघांना भाषण संपायच्या आत चक्कर आली. उद्घाटनासाठी रांगेत उभ्या केलेल्या रुग्णवाहिकांतूनच त्यांना न्यावं लागलं, आणि योजनेचे पहिले लाभार्थी म्हणून त्यांची नोंद झाली.

गावाचं नाव सांगत नाही. उन्हाळ्यात तिकडची सगळी गावं सारखीच असतात.

कल्याणी बोंद्रे सात नंबरच्या गाडीला पाठ लावून उभी होती. आठ गाड्यांवरच्या तंत्रज्ञांत ती सगळ्यांत जुनी. अकरा वर्षांत तिने एवढ्या छात्या दाबल्या होत्या की बाजारात कणीक मळणारी बाई दिसली तरी ती मनातल्या मनात मोजायला लागे. नवीन पेटी सगळ्यांना शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं होतं.

पेटीचं शास्त्र अवघड नव्हतं. हृदय बंद पडलं की मेंदू चार-पाच मिनिटांत उपाशी पडतो, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की खरी नासधूस पुष्कळदा नंतर होते, हृदय पुन्हा सुरू झाल्यावर. ज्या गावात आठ दिवसांनी नळ येतो त्या गावाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. पाणी नसताना तोट्या उघड्या राहतात. मग आठव्या दिवशी घरात कोणी नसताना पाणी येतं आणि धान्याच्या कोठीपर्यंत सगळं भिजवून टाकतं. रक्त परत आलं की उपाशी पेशींचं तसंच होतं. यावर उपाय म्हणजे पाणी यायच्या आत धावत जाऊन तोट्या बंद करायच्या. मेंदूचं तापमान एका अंशाने उतरलं की त्याची भूक सहा-सात टक्क्यांनी उतरते. हॉस्पिटलात गार करायच्या चादरी होत्याच, पण रोगी तिथे पोचेपर्यंत कोठी भिजलेली असायची. म्हणून रस्त्यातच गार करायचं.

आणि तेही नाकातून. नाकाचं छत आणि मेंदूचा तळ यांच्यामध्ये पापडाएवढं हाड असतं. पेटीच्या दोन मऊ नळ्या नाकपुड्यांत सरकवायच्या. पेटीतला पंखा बाहेरची हवा ओढतो, ती हवा नळकांड्यातल्या औषधाचे तुषार करून नाकात सोडते, आणि औषध उडून जाताना उष्णता सोबत घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. योजनेचं सरकारी नाव सतरा अक्षरी होतं. गाड्यांवरच्या लोकांनी आठवडाभरात ‘नाकाचा कूलर’ म्हणून त्याचा निकाल लावला.

“हिरवा दिवा लागला की पेटी चालू,” कल्याणीने शिकवलं. “तापमान तुम्हाला दिसणार नाही, ते परस्पर हॉस्पिटलच्या संगणकात जातं. आपण दिवा बघायचा. आणि पेटी जपायची. नवी वस्तू नवी राहिली पाहिजे. ओरखडा दिसला तर माझ्याशी गाठ आहे.”

“ताई, देवघरातल्यावाणी ठेवतो,” तिच्या गाडीचे चालक प्रल्हादभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पेटीला हळद-कुंकू लावलं. तेही बाजूला, जिथून पुसता येईल अशा जागी.

कल्याणीचा नवरा निशिकांत याच योजनेत उपकरणांचा इंजिनियर होता. कंट्रोल रूमच्या मागे त्याचं स्टोअर होतं. दर तीन महिन्यांनी तो प्रत्येक पेटीतलं मुदत संपलेलं नळकांडं काढून नवं बसवायचा आणि जुनं सीलबंद करून पुण्याला पाठवायचा. स्वभावाने शांत, हिशेबी, वस्तूंची निगा राखणारा. टीव्हीचा रिमोट घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि अजून तो मूळच्या पिशवीतून बाहेर आलेला नव्हता. लग्न जमवताना कल्याणीच्या वडिलांना जावयाची हीच गोष्ट आवडली होती. “या माणसाच्या हातात वस्तू सुरक्षित आहे,” ते म्हणाले होते. वस्तू म्हणजे कल्याणी.

*

वडील वामनराव खुमकर मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तालुक्यातल्या निम्म्या शेतांचे गट नंबर आणि सगळ्या बांधांवरची भांडणं त्यांना तोंडपाठ होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत उभे असताना ते कोसळले. आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला त्यांच्यापुढे फक्त दोन माणसं उरली होती.

फोन कंट्रोल रूमला गेला आणि सात नंबरला निरोप आला. बँकेचं नाव ऐकून कल्याणीला बाबा आठवले, पण त्या रांगेत पेन्शनवाले शंभर असतात. सहाव्या मिनिटाला ती पोचली आणि जमिनीवर बाबांची तपकिरी चप्पल दिसली.

पुढचं सगळं हातांनी केलं. छाती दाबली, शॉक दिला, पुन्हा दाबली. नाकात नळ्या सरकवल्या. पेटी घुंई करून सुरू झाली, हिरवा दिवा लागला. कोसळल्यापासून एकोणीस मिनिटांनी हृदय सुरू झालं.

गाडी हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली तेव्हा प्रल्हादभाऊ पुढून ओरडून म्हणाले, “ताई, चार नंबर बायपासवर उभी हाये. रिकामी हाये. मदतीले येऊ काय म्हणते.”

कल्याणीने निशिकांतला फोन लावला. एका हाताने श्वासाची पिशवी दाबत, स्पीकरवर.

“निशी, बाबा. बँकेत पडले. हृदय आलंय. मी पोचल्यावर चौथ्या मिनिटाला पेटी लावलीय. चार नंबर जवळ आहे, बोलवू का?”

पलीकडे शांतता. तिला ती नंतर नेमकी आठवली. वळणावर गाडी मंद झाली होती, तेवढ्या वेळाची शांतता.

“नको,” निशिकांत म्हणाला. “थांबण्यात वेळ जाईल. चांगलं केलंस.”

पाचव्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. दोन्हीकडे नजर फिरवली, निशिकांतवर थांबवली आणि म्हणाले, “जावईबापू, दाखला झाला का?”

वॉर्डातली नर्स रडली. निशिकांत रडला. कल्याणी पुढे झाली आणि तिने बाबांचा हात धरला.

“बाई,” बाबा अदबीने म्हणाले, “तुम्ही फार दमलेल्या दिसता. घरी कोणी आहे की नाही जेवायला वाढणारं?”

तेव्हापासून ती बाई झाली. बाबांना गट नंबर आठवत होते, बांध आठवत होते, जावई त्याच्या गोत्रासकट आठवत होता. मुलगी नव्हती. मुलीचा फोटो दाखवला की “ही आमची कलू” असं अभिमानाने सांगत आणि कलू कुठे असते असं विचारलं की म्हणत, “ती ॲम्ब्युलन्सवर असते. फार धावपळ असते तिला. भेटायला येत नाही.”

डॉक्टरांनी कल्याणीला सांगितलं की एवढं वाचलं हेच पुष्कळ आहे. पेटी एवढ्या लवकर लागली नसती तर हेही वाचलं नसतं. ती त्या वाक्यावर वर्षभर जगली. बाबांना स्वतःच्या घरी आणलं. रोज सकाळी “बाई, तुमचं नाव काय म्हणालात?” याला उत्तर दिलं. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. पाठोपाठ आठही गाड्यांना उपकरणांच्या उत्कृष्ट देखभालीचा राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला, तोही तिनेच स्वीकारला. परीक्षकांनी लिहिलं होतं की पेट्या जणू आजच खोक्यातून काढल्यासारख्या वाटतात. निशिकांत दोन्ही वेळा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

*

जानेवारीत, २०४० साली, ज्या गतिरोधकाची नगरपालिकेला कल्पना नव्हती अशा एका गतिरोधकावर सात नंबर उडाली. खाचेतून पेटी निसटली आणि दारातून थेट डांबरी रस्त्यावर पडली. गाडीत रोगी नव्हता, हे नशीब.

“गेली ना जी सोन्यासारखी पेटी,” प्रल्हादभाऊ उतरून म्हणाले. उचलून त्यांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली. वरून काही झालं नव्हतं. वरचं प्लास्टिकसुद्धा फाटलं नव्हतं. फक्त तळाची पट्टी निघाली होती.

कल्याणीने आत डोकावून पाहिलं. पंखा होता. नळकांडं होतं. नळकांड्यापासून निघालेली नळी होती, आणि त्या नळीच्या तोंडात काळं, गोल, नीट बसवलेलं रबरी बूच होतं.

ती पेटी कुशीत घेऊन दुपारी घरी आली. निशिकांतची सुट्टी होती. गॅसवर भरताची वांगी भाजत होता. बाबा बाहेरच्या खोलीत पेपरातल्या जमिनीच्या जाहिराती वाचत बसले होते.

“ही बघ,” तिने पेटी ओट्यावर ठेवली. “पडली आज. आणि आत काय सापडलं सांगू? बूच. कंपनीवाले नळीत बूच विसरलेत. माझ्या गाडीतली पेटी दोन वर्षं नुसता वारा मारतेय, निशी. मी आत्ताच्या आत्ता लेखी देणार आहे.”

निशिकांतने वांगं फिरवलं. ते त्याने नुकतंच फिरवलं होतं.

“विसरलेले नाहीत,” तो म्हणाला.

“मग?”

“बसवलंय.”

“कोणी?”

वांग्याची साल तडकली. “मी.”

मग त्याने सांगितलं. सांगताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, सगळं वांग्याला सांगितलं. ही योजना नव्हती, प्रयोग होता. रस्त्यात गार केल्याने खरंच फायदा होतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून चार गाड्यांत खऱ्या पेट्या आणि चार गाड्यांत खोट्या. खरी ती अ, खोटी ती ब. बाहेरून दोन्ही सारख्या. आवाज सारखा, दिवा सारखा. लावणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर ब पेटीवाल्याचा हात सैल पडतो.

“आणि लोकांना विचारलं?”

“ज्याचं हृदय बंद पडलंय त्याची सही कशी घेणार? आधी जाहीर नोटीस द्यायची असते. दिली होती. नगरपालिकेच्या फलकावर, तीस दिवस. ज्याला नको असेल त्याने मनगटाला बांधायचा पिवळा पट्टा घेऊन जावा.”

“कोणी घेतला?”

“दोघांनी. त्यातला एक नळजोडणीच्या चौकशीला आला होता. फुकट आहे म्हणून घालून गेला.”

“सात नंबरमध्ये ब आहे हे कोणाकोणाला माहीत होतं?”

“पुण्यात डॉक्टर सबनीसांना. प्रयोग त्यांचा आहे. आणि इथे मला. कोणीतरी एकाला बुचं बसवावीच लागतात, कल्याणी. मी गुप्ततेच्या बाँडवर सही केलीय.”

“मी तुझ्या शेजारी झोपते.”

“नातेवाइकांबद्दल त्यात वेगळं कलम नव्हतं.”

कल्याणी स्टुलावर बसली. बाहेरून बाबांचा आवाज आला, “बाई, वांगी करपतायत का हो?”

“नाही,” तिने उत्तर दिलं, आणि आवाज खाली घेऊन विचारलं, “चार नंबरमध्ये काय होतं?”

निशिकांतने गॅस बंद केला. “अ.”

“मी विचारलं होतं तुला. बोलवू का म्हणून.”

“हो.”

“आणि तू नको म्हणालास.”

“बोलव म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. उद्या प्रत्येक जण आपापल्या सासऱ्यासाठी चार नंबर मागेल. मग प्रयोग कशाला म्हणायचं? शिवाय अ पेटीने फायदा होतो असं कुठे सिद्ध झालंय? तेच तर बघायचं होतं.”

“हे सगळं तेव्हा तुझ्या मनात आलं?”

तो प्रामाणिक माणूस होता. हीच अडचण होती. “नाही,” तो म्हणाला. “हे नंतर आलं.”

“तेव्हा काय आलं?”

“बाँड.”

निशिकांतने वांगी ताटलीत काढली. मग कल्याणी म्हणाली, “आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला आणि टाकीत पाणी नसलं, तर आपण सांगतो. ‘पाहुणे, आज पाणी नाही, नुसता वारा आहे.’ परक्यालाही सांगतो. तू माझ्या बाबांना बिनपाण्याचा कूलर लावलास. तोही माझ्या हाताने. आणि वर म्हणालास, चांगलं केलंस.”

“तू खरंच चांगलं केलं होतंस. सहा मिनिटांत पोचलीस, शॉक वेळेवर—”

“एक शब्द नको.”

भरीत झालं. तिघांनी ते खाल्लं, कारण बाबांना साडेबाराला जेवण लागायचं. “मीठ बेताचं आहे,” बाबा म्हणाले. मग कल्याणीने माळ्यावरून बॅग काढून दिली आणि निशिकांत बसस्टँडजवळच्या लॉजवर राहायला गेला. जाताना त्याने बॅगेची धूळ पुसली.

*

दोन दिवस बाबा जेवले नाहीत.

पहिल्या दिवशी साडेबाराला ताटावर बसले आणि म्हणाले, “जावईबापू येऊ देत.” दीड वाजला, दोन वाजले. ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी खुर्ची घेऊन बसले. कल्याणीने दूधभात कालवून नेला.

“बाई, तुम्ही कशाला त्रास घेता,” ते म्हणाले. “तुमचं काम इंजेक्शनचं. जावई माझा कर्ता माणूस आहे. न सांगता कुठे जात नाही. शोध घ्यायला हवा.”

“त्यांनी तुम्हाला फसवलं असलं तर?” तिच्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. “तुम्ही बाहेरच्या आहात,” ते म्हणाले. “तुम्हाला कल्पना नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन लावला. “जेवायला या,” एवढंच म्हणाली. चौदा वर्षं ती त्याला अरे-तुरे करत होती, सासूसमोरसुद्धा. निशिकांतने ते ‘या’ ऐकलं आणि लॉजच्या गादीवर थोडा वेळ बसून राहिला.

तो परत आला. बाहेरच्या खोलीत, बाबांच्या शेजारी खाट टाकून राहू लागला. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जावई आपल्या सोबतीला आहे, याहून आणखी काय हवं. दुपारी दोघं मिळून जुने नकाशे बघत. आतून कल्याणीला त्यांचं हसणं ऐकू येई, आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्यासाठी ती पोळ्या लाटत असे. आपल्या बापाच्या डोक्यात उरलेली एकमेव जिवंत ओळख आपण घराबाहेर काढू शकत नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

“भाजी घ्या,” ती म्हणे.

“पुरे,” तो म्हणे.

“पुरे काय जावईबापू, घ्या,” बाबा म्हणत. “बाई मनापासून करतात.”

तिने तक्रार केली. फुटकी पेटी पुरावा म्हणून कपाटावर ठेवली आणि नैतिकता समितीला चार पानी अर्ज पाठवला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. तक्रारदाराचे वडील हयात असल्याने हानी सिद्ध होत नाही, आणि ते मृत असते तर तक्रार करण्याचा अधिकार त्यांच्या वारसांनी संयुक्तपणे बजावायला हवा होता, असं त्यात लिहिलं होतं. खाली टीप होती: वडील हयात असल्याचा दाखला जोडलेला नाही.

प्रल्हादभाऊंनी ते पत्र दोनदा वाचून परत दिलं. “ताई, तुमचं चुकलं,” ते म्हणाले. “तुमी बाबाले मारायला पायजे होतं. मंग समितीले समजलं असतं.”

*

फेब्रुवारीत प्रयोग संपला. डॉक्टर मीनल सबनीस स्वतः पुण्याहून आल्या आणि सगळ्या गाड्यांवरचे लोक आरोग्य विभागाच्या सभागृहात बसले. बुचांची गोष्ट आता सगळ्यांना माहीत झाली होती. ब गाडीवाले एका बाजूला बसले होते आणि अ गाडीवाले दुसऱ्या. अ गाडीवाल्यांच्या बसण्यात किंचित ताठा होता, आपण दोन वर्षं खरे होतो याचा.

सबनीसबाई चांगल्या होत्या. आधी माफी मागितली. मग पडद्यावर आकडे आले. दोनशे बारा रुग्ण. अ गटातून बरे होऊन घरी गेले एकोणतीस. ब गटातून तीस.

“म्हणजे काय?” मागून कोणीतरी विचारलं.

“म्हणजे फरक आढळला नाही,” बाई म्हणाल्या. “जगात पूर्वी इतरत्रही रस्त्यात गार करून फारसा फरक पडलेला दिसला नव्हता. आमची आशा होती की नाकातून लवकर केलं तर दिसेल. नाही दिसला. शास्त्रात नकारार्थी उत्तर हेही उत्तरच असतं.”

अ गाडीवाल्यांचा ताठा उतरला. कल्याणी उभी राहिली.

“माझ्या वडिलांना सात नंबरने नेलं. चार नंबर बायपासवर होती. ती आली असती तर?”

“सरासरीने पाहिलं तर काही फरक पडला नसता, मॅडम. एका अर्थी ही चांगली बातमी आहे. कोणावरच अन्याय झालेला नाही.”

“सरासरी मला बाई म्हणत नाही,” कल्याणी म्हणाली. “बाबा म्हणतात.”

सबनीसबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. सभागृहातल्या लोकांना वाटलं आता कल्याणी आणखी काही बोलेल. पण ती बसली. दीड महिना तिने एक गोष्ट उराशी धरली होती. तिच्याकडून काहीतरी हिरावून घेतलं गेलं, आणि घेणाऱ्याचं नाव तिला माहीत होतं. आता पडद्यावर लिहून आलं होतं की हिरावून घ्यायला तिथे काही नव्हतंच. फसवणूक मात्र जशीच्या तशी होती. निशिकांतने ती न पाहता केली होती. आत काही आहे की नाही हे माहीत नसताना त्याने झाकण ठेवलं होतं.

तो सभागृहाच्या दाराशी उभा होता. परतताना दोघं एकाच रिक्षात बसले, मध्ये तिची पर्स.

“फरक पडला नसता,” तो हळूच म्हणाला.

“ते तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही,” ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

*

मार्चच्या शेवटी कूलर बाहेर निघाले. निशिकांत अंगणात पंप साफ करत होता, बाबा खुर्चीवरून सूचना देत होते. पोस्टमन पत्र देऊन गेला. पेट्या बनवणाऱ्या कंपनीचं, वर ‘गोपनीय’ असा शिक्का. निशिकांतने हात पुसले, पाकीट उलटसुलट पाहिलं आणि न फोडता आत येऊन कल्याणीसमोर धरलं.

“हे आधी तुम्ही वाचा,” तो म्हणाला. त्यालाही अहो-जाहो करायची सवय लागली होती. “काय असेल मला माहीत नाही. पण आधी तुम्ही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदाच तो तिला काहीतरी त्याच्याआधी कळू देत होता. तिने पाकीट फोडलं.

कंपनीने चारही अ पेट्या आणि दोन वर्षांत त्यांतून काढलेली सगळी नळकांडी तपासली होती. एकाही नळकांड्याचं वजन एका ग्रॅमनेही कमी झालेलं नव्हतं. सगळी काठोकाठ भरलेली होती. हॉस्पिटलच्या संगणकातल्या तापमानाच्या नोंदी प्रयोग संपेपर्यंत कोणी उघडल्याच नव्हत्या. पेट्यांत बिघाड नव्हता. पंखे चालू होते, दिवे लागत होते, अ पेट्यांच्या नळीत बूचही नव्हतं. फक्त औषध एकदाही बाहेर आलेलं नव्हतं, कारण पंख्याला ओढायला हवाच मिळाली नव्हती. सोबत चारही पेट्यांचा एक फोटो होता. वरच्या जाळीवर लाल पेनने गोल केला होता आणि बाजूला विचारलं होतं: हे अद्याप का आहे?

कल्याणीने फोटो निशिकांतला दिला. त्याने तो पाहिला, आणि खाटेवर बसला.

“चार नंबर आली असती तरी...” तो म्हणाला.

“काय लिहिलंय पत्रात, बाई?” बाबांनी बाहेरून विचारलं.

कल्याणी स्टुलावर चढली. कपाटावरची सात नंबरची पेटी तिने खाली उतरवली. तिच्या बाजूच्या खणात माहितीपुस्तिका होती, आल्या दिवसापासून सीलबंद पिशवीत. तिने ती पिशवी दाताने फाडली आणि दुसरं पान उघडलं. सूचना मराठीत होती, ठळक अक्षरांत, एक नंबरला.

‘वापरण्यापूर्वी वरचे प्लास्टिक काढावे.’